गुळाची ढेप आणि सूनबाईचं नाक

१ डिसेंबर

वही नवी आहे, तेव्हा पहिल्या पानावर नाव-गाव पाहिजे. हिंदुराव, मुक्काम वरकुटे, तालुका इंदापूर. सगळी नोकरी वालचंदनगरला, कंपनीत इन्स्पेक्शनला केली. केसाएवढा फरक निघाला तरी नग परत पाठवायचो, त्यामुळं पोरं माघारी मला रिजेक्टराव म्हणायची. म्हणू देत. माझ्या हातनं पास झालेला नग कधी परत आला नाही.

वही सूनबाईनं दिली. म्हणाली, आबा, आजपास्नं क्वालिटी तुमच्याकडं, रोजचं लिवत जावा. हिला, म्हणजे आमच्या बनाबाईला, लगेच हसू फुटलं. म्हणे, बरं झालं, आता माझ्या आमटीचं इन्स्पेक्शन तरी थांबंल. थांबणार नाही.

काम असं आहे. आमचा रविराज लग्न झाल्यावर चाकणची नोकरी सोडून संस्कृतीला घेऊन गावाकडं आला आणि माझ्या वडलांच्या वेळचं बंद पडलेलं गुऱ्हाळ त्यानं पुन्हा पेटवलं. गूळ चांगला करतात दोघं. माझ्या तोंडून निघतंय म्हणजे चांगलाच असणार. पण खपतो तो ओळखीपाळखीत. काल बारामतीचे इंद्रजितशेठ येऊन गेले. त्यांचं किराण्याचं मोठं दुकान आहे, काचेचं दार, आत गार हवा, माणसं टोपली घेऊन हिंडतात आणि लागेल ते फळीवरून आपल्या हातानं उचलतात. गूळ त्यांनी डोळे मिटून खाल्ला. मग आमच्या पिशवीकडं बघून तोंड वाकडं केलं. म्हणाले, असला चिकट, मुंग्या लागलेला माल मी मांडू कुठं? लहान ढेप करा, वरून घट्ट, आरपार दिसणारी श्रिंक फिल्म घाला. संक्रांतीला एक फळी देतो. खपला तर फळी कायमची तुमची.

जेवताना रविराज म्हणाला, फळी मिळाली तर गुऱ्हाळ चालंल. नाही मिळाली तर चाकणचे साहेब जानेवारीअखेरपर्यंत त्याची जागा धरून बसलेत, दोघांना परत जावं लागंल. मी म्हटलं, जायचं तर खुशाल जा, आम्ही म्हातारी-म्हातारा मोकळी. दुसरी भाकरी घेतली नाही. हिनं विचारलं तर सांगितलं, कच्ची राहिलीय.

५ डिसेंबर

सूनबाई आणि मी एस्टीनं बारामतीला जाऊन आलो. एमआयडीसीत संदेश म्हणून एक पोरगा पॅकिंगचा सगळा माल ठेवतो, मूळचा कन्हेरीचा. बोलायला गोड. इतकं गोड बोलणाऱ्याचा माल मी दोनदा तपासतो.

श्रिंक फिल्म म्हणजे काय ते आज नीट कळलं. ढेपेवर सैल झबल्यासारखी चढवायची, वरून गरम हवा मारायची, की ती आकसून अंगाबरोबर बसते. संदेशनं तीन प्रकार काढून टेबलावर टाकले. एक जाड आणि दुधट, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे बांधतात ती. ती आपल्या कामाची नाही, आतला माल दिसतच नाही. दुसरी पीव्हीसी, स्वस्त आणि थोड्या उष्णतेत आकसणारी. तिसरीचं नाव पॉलीओलेफिन. ते म्हणायला मला तालुका पार करावा लागला. ती मऊ, चकचकीत, खायच्या मालाला सगळे हीच वापरतात म्हणे, पण तिला उष्णता जास्त लागते.

संस्कृतीचं मन तिसरीवर होतं. मी म्हटलं, हा गूळ आहे, लोखंड नव्हे. जास्त शेकलं तर ढेप पाघळंल. पीव्हीसी घ्यायची. ती म्हणाली, बरं आबा. माझ्या शब्दाला मान देते पोरगी. आमच्या घरात ती एकटीच देते.

८ डिसेंबर

पहिला दिवस वाया गेला, आणि चूक आमची सगळ्यांची.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला आम्ही गरम गूळ हातावर दिल्याशिवाय सोडत नाही. लहानपणापासून गूळ म्हणजे गरमच, असंच डोक्यात बसलेलं. त्यामुळं ढेप साच्यातून निघाल्या निघाल्या, ऊन ऊनच, आम्ही तिला फिल्म चढवली आणि हीट गन मारली. काय दिसत होती. हिनं दृष्ट काढायचं तेवढं ठेवलं. दुपारी बघतो तर आतून सगळी फिल्म घामानं भरलेली, ढेप दिसंना. संध्याकाळपर्यंत खाली पाकाचं तळं.

नोंद: ढेप पूर्ण गार होऊन रात्रभर जाळीवर बसल्याशिवाय फिल्मला हात लावायचा नाही. सारजावैनी, माझ्या चुलतभावाची बायको, पॅकिंगला मदतीला येते. तिनं सगळ्या घामेजलेल्या ढेपा घरी नेल्या आणि पोरांना लाडू करून घातले.

१५ डिसेंबर

आज एक गोष्ट उघडकीला आली.

गार ढेपा घेऊन बसलो होतो. सारजावैनी फिल्म चढवणार, संस्कृती हीट गन मारणार, मी बघणार. दोनच ढेपा झाल्या आणि संस्कृतीनं गन खाली ठेवून तोंडाला ओढणी लावली आणि पळत उसाच्या कडेला गेली. बराच वेळ आली नाही. आली ती पांढरीफटक. म्हणाली, आबा, वास लय उग्र हाय.

मी नाक लावलं. थोडा होता. सारजावैनी म्हणाली, मला तर नुसता गुळाचा येतोय. पण सारजावैनी मिसरी लावते, तिच्या नाकाचा काय भरवसा. मी सरळ कंपनीतली परीक्षा घेतली. तांब्याची तार लाल करून फिल्मला टेकवली आणि पुन्हा जाळात धरली. जाळ हिरवा झाला, धूर नाकाला झोंबला. पीव्हीसीतलं क्लोरीन. हे आपल्या गुळाच्या अंगाला लागणार आणि तो गूळ कुणाच्या तरी पोराच्या तोंडात जाणार. रोल नापास.

निवड माझी होती, हेही लिहून ठेवतो. पण पकडलं कुणी? मी इतकी वर्षं मापं घेतली, दहा तऱ्हेची यंत्रं हाताळली, असलं नाक बघितलं नाही. जेवताना हिला तसं सांगितलं. ही ताटात बघून म्हणाली, व्हय, नाक तिचं सध्या लय तिखट झालंय. मी म्हटलं, सध्या नव्हे, मुळातच असणार, आपलं लक्ष नव्हतं.

१९ डिसेंबर

संदेशकडून पॉलीओलेफिनचा रोल आला. जाळून बघितला, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला वास, धूर साधा. जाळ पिवळा. कागदपत्र व्यवस्थित.

ही फिल्म उष्णता जास्त मागते हे खरं निघालं. पहिल्या ढेपेचा माथा पाघळून फिल्मला चिकटला. दुसरी फुगली, आतली हवा जायला वाट नाही. सारजावैनीनं गन लांब धरून हात झपाझपा फिरवला, भाकरी फिरवते तसा, तर बसली. हवेसाठी संदेशनं सांगितल्याप्रमाणं बुडाला सुईनं बारीक भोकं पाडली. ढेप अशी दिसायला लागली की मीच उचलून दोनदा बघितली. मनात म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात संस्कृती चहा घेऊन आली. रोलजवळ आली मात्र, कप तसाच ठेवून परत उसाकडं. गन बंद होती. रोल नुसता पडला होता.

म्हणजे यातही काहीतरी आहे. आपल्याला कळत नाही, तिला कळतं. रविराजला दाखवलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, फिल्म ठीक हाय आबा. त्याला काय ठीक नसतं? रोल नापास.

२२ डिसेंबर

दुसऱ्या कंपनीचा रोल मागवला. संदेश फोनवर जरा नाराज होता. म्हणाला, आबा, हीच फिल्म मी बिस्किटवाल्याला देतो, राजगिऱ्याच्या लाडूवाल्याला देतो, कुणाची तक्रार न्हाय. मी म्हटलं, त्यांच्या घरात आमच्या सुनेएवढं नाक नसंल.

नवा रोलही तिला चालला नाही. आणि काळजीची गोष्ट पुढं आहे. आज हिनं लसणाची फोडणी दिली तर संस्कृती तीही सहन न होऊन अंगणात जाऊन बसली. म्हणजे त्या पहिल्या पीव्हीसीनं पोरीचं नाक कायमचं बिघडवलं की काय? हिला विचारलं. ही म्हणाली, तुमी काळजी करू नका, हुईल कमी दोन महिन्यात. दोन महिने! मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू या. ही म्हणाली, ते आमचं आमी बघतो.

आजपासून संस्कृतीला पॅकिंगच्या खोलीत यायला बंदी केली. माझ्या कुठल्या हुकमाला ही इतक्या पटकन हो म्हणाल्याचं आठवत नाही. वर स्वतःचं एक कलम घातलं, की तिनं हंडा-कळशी उचलायची नाही आणि साच्यांना हात लावायचा नाही. वासाचा आणि हंड्याचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण मी वाद घातला नाही.

२६ डिसेंबर

मालाचं काम अडलेलं. ही आणि सारजावैनी इंदापूरच्या बाजारात जाऊन आल्या. काकडीपासून सगळं आणलं, त्यात एक हिरवा खण. मी म्हटलं, हिरवा तुला कुठं शोभतो आता? तर दोघी एकमेकीकडं बघून हसत सुटल्या. या वयात काय हसायचं सुचतं बायकांना.

संस्कृतीनं जेवायला नुसती कोरडी भाकरी खाल्ली. मी माझ्या ताटातला पापुद्रा तिला दिला, तिला तेवढाच आवडतो सध्या. तेवढा खाल्ला.

२९ डिसेंबर

आज जे कळलं ते लिहावंसं वाटत नाही.

सकाळी रविराज आणि संस्कृती मोटारसायकलवर बारामतीला गेली. मला सांगितलं, इंद्रजितशेठना भेटून येतो. रविराज एरवी गाडी अशी हाणतो की मला डोळे मिटून घ्यावे लागतात. आज बैलगाडी हाकावी तसा खड्डे चुकवत गेला. मला त्यातच काही वेगळं वाटायला पाहिजे होतं. दुपारी मी सहज शेठना फोन केला, म्हटलं पोरं पोचली का. ते म्हणाले, माझ्याकडं कुणी आलं न्हाय हिंदुराव.

संध्याकाळी दोघं आली. मी विचारलं, भेटले का शेठ? रविराज म्हणाला, व्हय, भेटले. संस्कृती खाली बघत आत गेली. तिच्या पिशवीत एक मोठं पाकीट होतं, ते तिनं हिच्याकडं दिलं आणि हिनं ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. ही मला बघून कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

मी लहान पोर नाही. चाकणच्या नोकरीची कागदं आहेत. पोरं जायचं ठरवून बसलीत आणि हिलाही माहीत आहे. फक्त मला सांगायचं नाही, मी आरडाओरडा करीन म्हणून.

करणार नाही. त्यांचा संसार आहे. रोज सकाळी मी उठायच्या आधी अंगणातल्या बंबात कुणीतरी माझ्यासाठी पाणी तापवून ठेवतं, ही नव्हे, संस्कृती ठेवते. मी तिला कधी म्हटलं नाही की मला माहीत आहे. ती गेल्यावर मी गार पाण्यानं आंघोळ करीन, पूर्वी करतच होतो. पण घर पुन्हा खायला उठंल, तेवढं खरं आहे. पोरं यायच्या आधी आम्ही दोघं टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचो, कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून.

२ जानेवारी

शेठचा फोन आला. परवापर्यंत नमुन्याची ढेप दाखवा, पसंत पडली तर दहा तारखेला माल, नाहीतर संक्रांतीची फळी दुसऱ्याला.

रविराज दुसऱ्या कंपनीचा तो रोल घेऊन माझ्यापुढं आला. म्हणाला, आबा, झाल्या गेल्याचं राहू द्या, ही फिल्म चांगली हाय, पास करा. मी म्हटलं, नाही करणार. नेहमीच्या पिशवीत पाठवू. तो म्हणाला, पिशवी शेठ घेणार न्हायत. मी म्हटलं, मग नको घेऊ देत. ज्या फिल्मनं माझ्या सुनेला जेवण जात नाही, ती मी लोकांच्या घरी पाठवायची? क्वालिटी माझ्याकडं दिलीय ना, मग माझी सही नाही.

रविराज काहीतरी सांगायला गेला, हिच्याकडं बघितलं, हिनं मान हलवून नको म्हटलं. तसा तो माझ्यावरच चिडला. म्हणाला, "तुमच्या असल्या हट्टापायीच जावं लागंल आमाला चाकणला, मग बसा रोल हुंगत." मी म्हटलं, जायचं तुम्ही ठरवून बसलाय, माझं नाव कशाला पुढं करतोस, कपाटातली कागदं मी बघितलीत. खरं तर बघितली नव्हती, पाकीट तेवढं बघितलं होतं. तो माझ्याकडं बघतच राहिला आणि पाय आपटत निघून गेला. ही डोक्याला हात लावून बसली.

कुणी जेवलं नाही. चुकलो असंन. पण बारशापासून मुंजीपर्यंत कुणाच्याही घरचं पोर गूळ चाटतं, आणि आमच्या पोरीला वास सांगतोय की काहीतरी वाईट आहे. मी सही करणार नाही. फळी गेली तरी नाही. पोरं गेली तरी नाही, असं लिहिणार होतो, तेवढं लिहवत नाही.

३ जानेवारी

सकाळी गुऱ्हाळावर जाऊन बसलो. चुलवण बंद, रस आटवायची काहिल उपडी. संस्कृती एकटीच चालत आली. हातात तोच रोल. मी म्हटलं, ठेव तो लांब, तुला त्रास होतो.

ठेवला नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आबा, वास फिल्मला न्हाय."

मी म्हटलं, तुला रवीनं पाठवलंय.

"कुणी न्हाय पाठवलं. फिल्म चांगली हाय, तुमी पास करा. मला सगळ्याचाच वास येतोय. फोडणीचा येतोय, डिझेलचा येतोय, तुमच्या आंघोळीच्या साबणाचा बी येतोय."

मी म्हटलं, मग साबण बदलतो, त्यात काय एवढं.

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. आणि मग तिनं सांगितलं. आमच्याकडं सुनेनं सासऱ्याला हे तोंडानं सांगायची पद्धत नाही. ते बायकांतून बायकांत फिरतं आणि सासऱ्याला पेढा हातात आल्यावर कळतं, तेही तीन महिने भरल्यावर. तिनं पद्धत मोडली, कारण दुसरं कुणी सांगंना आणि मी रोल पास करंना.

काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. ही म्हणते, तीन महिने भरेपर्यंत नाव काढायचं नसतं, दृष्ट लागते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहीत नाही.

त्या दिवशी बारामतीला कुठं गेली होती तेही कळलं. चाकणच्या साहेबाकडं नव्हे, दवाखान्यात, आणि पाकीटही तिथलंच. मी विचारलं, मग जाणार नाही ना तुम्ही? ती म्हणाली, "मला न्हाय जायचं आबा. पुढचं सगळं मला हितंच पायजे, तुमच्या आणि सासूबाईंच्या हाताखाली. पण फळी गेली तर ह्यास्नी जावंच लागंल, आणि मग मला बी."

मी तिला बसायला सांगितलं. बसायला काही नव्हतं, उपडा साचा होता, त्यावर माझा टॉवेल घडी करून टाकला. डोळ्यांना पाणी आलं. चुलवण बंद होतं, त्यामुळं धुराचं निमित्त सांगता यायचं नाही. आनंदानं आलं, असं सरळ लिहितो. मग खिशातला पेन काढला आणि रोलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पास. खाली सही. सही वाकडी आली, पण आमचीच आहे.

पीव्हीसीचा रोल मात्र नापासच राहील. तो तिच्या नाकानं नव्हे, माझ्या तारेनं पकडलाय.

घरी आलो तर ही फुगलेली. रडकुंडीला येऊन म्हणाली, "सांगायचं मी व्हतं. पुढच्या महिन्यात, चारचौघांत, तुमच्या हातावर पेढा ठेवून. केवढं मनात धरलं व्हतं मी." मी म्हटलं, पेढा ठेव की, मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो. म्हणाली, तुमाला न्हाय जमणार, तुमचं तोंड आत्तापास्नंच बघा कसं झालंय. आरशात बघितलं. खरंच काहीतरी झालं होतं.

रविराज नमुन्याची ढेप घेऊन बारामतीला गेला. जाताना माझ्याजवळ घुटमळला. मी म्हटलं, जा, आणि गाडी सावकाश हाण. तो म्हणाला, आता मागं कोण न्हाय बसलं आबा. मी म्हटलं, तरी सावकाश.

९ जानेवारी

नमुना पसंत. तेव्हापासून वहीला हात लावायला फुरसत नाही. सारजावैनी गनवर, मी बुडाला भोकं पाडायला, ही लेबलं चिकटवायला, रविराज काहिलीवर. प्रत्येक ढेप मी कमरेएवढ्या उंचीवरून पोत्यावर टाकून बघतो. फिल्मची शिवण उकलली की परत. सारजावैनी म्हणाली, भावजी, एवढं तर आमच्या थोरलीला बघायला आलेल्यांनी बी पारखलं न्हवतं.

संस्कृती लांब, आंब्याखाली खुर्ची टाकून बसते आणि मोजदाद करते. वारा तिच्याकडं वाहायला लागला की मी खोलीचं दार लावून घेतो. साबण बदललाय. नवा विचारून आणला.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळी बारामतीला गेलो, संस्कृतीला जीपमध्ये पुढं बसवलं. तिच्या अंगावर काळी साडी आणि हिरव्या खणाचं ब्लाऊज. तो खण कुणासाठी होता ते मला आत्ता कळलं. क्वालिटीवाल्यानं सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

दुकानात आमची फळी कमरेच्या उंचीला, दाराजवळ. दिव्याखाली ढेपा अशा चमकत होत्या की मला क्षणभर आपल्या वाटल्याच नाहीत. आम्ही जरा लांब, तेलाच्या डब्यांमागं उभं राहिलो. एक बाई आली. तिनं ढेप उचलली, अंगठ्यानं दाबली, उलटी करून बुडाची भोकं बघितली. मग नाकाजवळ नेली. संस्कृतीनं माझी बाही धरली. बाईनं ढेप टोपलीत ठेवली, दोन पावलं गेली, परत आली आणि आणखी दोन घेतल्या.

दुपारपर्यंत फळी रिकामी. शेठ म्हणाले, हिंदुराव, फळी तुमची, माल थांबवू नका. रविराज बाहेर रस्त्यावर जाऊन चाकणला फोन लावून आला. आल्यावर नुसता म्हणाला, सांगितलं साहेबांना, दुसरा बघा म्हणून. ही तिथंच, एवढ्या लोकांत, संस्कृतीच्या तोंडात तिळगूळ घालत म्हणाली, आता पोटभर खा. संस्कृतीनं खाल्ला. पोटात राहिला.

२० जानेवारी

संक्रांतीच्या काहिलीतली एक ढेप मी बाजूला काढून ठेवली होती. सगळ्यात सरस. रंग, कण, कडा, कशालाच नाव ठेवता येत नाही. ती घेऊन आज संदेशकडं गेलो. म्हटलं, हिला अशी फिल्म दे की ऑगस्टपर्यंत टिकली पाहिजे.

तो म्हणाला, आबा, पावसाळ्यात गूळ पाझरतोच. आणि एवढा कशाला ठेवायचा? ताजा मिळतोयच की तुमच्याकडं.

मी म्हटलं, ऑगस्टात गुऱ्हाळ बंद असतं. मला त्या वेळी घरचाच गूळ पाहिजे, वाटायला.

"ऑगस्टात काय हाय?"

"क्वालिटीचं काम हाय. तुला काय करायचंय."

तो माझ्या तोंडाकडं बघून हसायला लागला. हिचं खरं आहे, माझ्या तोंडाचं काहीतरी करायला पाहिजे. मग त्यानं आतून एक वेगळा रोल काढला, अनेक पदरांचा, हवा आणि ओल दोन्ही अडवणारा. म्हणाला, हिला भोकं पाडू नका, हवा आधी दाबून काढा, दोनदा गुंडाळा, आणि कोरड्या डब्यात ठेवा. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन मी एकट्यानं गुंडाळली. गन लांब धरून, सारजावैनीसारखा हात फिरवत. शिवण नखानं तपासली. पाण्यात बुडवून बघितली, एक बुडबुडा नाही. लेबलावर तारखेची जागा मोकळी ठेवली, ती भरायची वेळ आली की भरू. मग ज्वारीच्या डब्यात, धान्याच्या मधोमध ठेवून झाकण लावलं आणि खाटेखाली सरकवलं.

संस्कृती दारातून आत आली, थबकली, नाक वर करून म्हणाली, "आबा, गुळाचा वास येतोय."

पॅकिंग नापास. उद्या परत करतो.